शेवटच्या शेताची पाळी

या, जरा जवळ सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट डोळा लावून ऐकायची नाही. राजाराणीची नाही, एका भावाची आणि त्याच्या पाठच्या बहिणीची आहे. माणसाला सहा वैरी असतात म्हणतात. पाच बाहेरून दार ठोठावतात, सहावा घरातलाच असतो. आपल्याच ताटात जेवतो, आपल्याच पांघरुणात निजतो. हेवा त्याचं नाव. तो एका चांगल्या घरात कसा शिरला आणि काय घेऊन गेला, ते सांगायचं आहे.

घर होतं चारीच्या टोकाला. चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून शेतांकडे काढलेला मातीचा अरुंद पाट. सव्वीस शेतं ओलांडून ती या घराच्या मक्यात येऊन संपायची. त्या साली पाऊस रुसला होता. कालव्याला पाणी दहा दिवसांनी एकदा, आणि ज्याला त्याला घड्याळावर पाळी. शेवटच्या शेताची पाळी अकरा ते दोन. तीही एकटीच, चारी दोन दिवस बंद राहून वाळून खडंग झाली की मग. अकराला पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, कालव्याचं वरचं दार उचलायचा, वहीत वेळ टाकायचा. दोनला दार खाली.

घरात चार माणसं. बाप गाडीवरून पडून कमरेतून गेलेला. ओसरीवरच्या बाजेवरून तो सगळ्या शेताची कामं तोंडानं करायचा. आई. एकवीस वर्षांचा थोरला. आणि नववीतली धाकटी. बाप पडला तेव्हा थोरला आठवीत होता. दप्तर खुंटीला लागलं आणि हातात खोरं आलं. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. घरच्यांना वाटायचं, त्याला शाळेचा कंटाळाच होता.

शाळेत बाईंनी नववीला काम दिलं. प्रत्येकानं एक सार्वजनिक प्रश्न निवडायचा.

"सार्वजनिक म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचा," वर्ग ओरडला.

"तेवढंच नाही. जो एकट्यानं सुटत नाही, ज्यासाठी नियम करावा लागतो किंवा असलेला बदलावा लागतो, तो. प्रश्न शोधा, माणसांना विचारा, मोजा, नियम कुणाच्या हातात आहे ते काढा. चांगल्यात चांगली वही मोठ्या गावाला जाईल. वहीबरोबर लिहिणाराही जाईल. तिथल्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बोलायचं आहे."

धाकटीनं आधी मोकाट कुत्री घेतली.

"किती आहेत तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"तीन, बाई."

"तीन?"

"त्यातलं एक आमचंच आहे."

वर्ग हसून लोटपोट झाला. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "घरी जा. तुमच्या घरात कोणत्या गोष्टीवरून आवाज चढतो ते ऐक. तिथंच कुठंतरी प्रश्न असतो."

आवाज त्याच दिवशी चढला. पाळी होती. थोरला खोरं खांद्यावर टाकून तीन वाजता घरी आला तो पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि तोंड उतरलेलं. मका तुऱ्यावर आला होता. याच वेळी पाणी लागतं, नाहीतर कणसात दाणा भरत नाही. सोळा सऱ्यांपैकी सात भिजल्या होत्या.

"तीन तासांत सात सऱ्या?" बाप बाजेवरून कडाडला. "झोपला होतास का बांधावर?"

"तीन तास कुठले? दार अकराला उघडतं, पाणी माझ्या पायाशी येतं साडेबाराला. कोरडी चारी पिते आधी. दीड तास चारी पिते, उरला दीड तास मका पितो. पाच वर्षं सांगतोय मी."

"सांगतोस, सांगतोस. पाटकऱ्याला सांग."

"त्यालाही सांगितलं. तो म्हणतो, घड्याळाला विचार."

धाकटी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं वही ओढली आणि लिहिलं: तीन तासांतला दीड तास चारी पिते.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं ती वही पाहिली. पहिल्या पानावर, लाल रेघेखाली, सुरेख अक्षरात त्याचंच वाक्य होतं आणि वर धाकटीचं नाव. त्यानं वही होती तशी ठेवली. हात मात्र त्यानं सदऱ्याला पुसले, जसं काही आपणच कुणाची वस्तू चोरताना सापडलो.

धाकटीनं काम मनावर घेतलं. पुढची पाळी सुट्टीच्या दिवशी आली. दोघं भावंडं मिळून गेली. ती दारापाशी थांबून वेळ टिपायची आणि पाण्याच्या जिभेबरोबर चालत खाली यायची. तो शेताच्या तोंडाशी उभा. पाणी पोचायला एक तास सतरा मिनिटं लागली. त्याच्या पुढच्या पाळीला तिनं बाईंकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. एक तास बावीस. थोरल्यानं तिला चारी कुठं जास्त पिते ते दाखवलं, खेकड्यांनी पोखरलेली जागा दाखवली, ओल्या मातीचा गोळा कसा दाबायचा म्हणजे वाहून जात नाही ते दाखवलं. त्या दोन दिवसांत तो खूप बोलला. इतका, की आईनं विचारलं, "आज काय पोपट झालाय?"

मग पाणी वाटून देणाऱ्या संस्थेच्या कचेरीत जायचं ठरलं. नियम कुणी केला, कधी केला, हे बघायला. धाकटी एकटी कशी जाणार म्हणून थोरला बरोबर गेला. शेतातूनच गेला, अनवाणी.

कचेरी म्हणजे एक खोली, एक कपाट, तीन खुर्च्या. पाटकरी तिथंच बसला होता. हाच माणूस थोरल्याला पाच वर्षं कालव्यावर उभ्या उभ्या उडवून लावत होता. शाळेचा गणवेश आणि हातातली वही बघून तो उठला.

"ये, ये बाळ. प्रकल्प का? बस." त्यानं खुर्ची फडक्यानं झाडली. "पाणी पितेस?"

थोरला उंबऱ्यात पाय टाकणार, तोच पाटकरी म्हणाला, "अरे, पाय बघ तुझे. आत्ताच फरशी पुसली आहे. बाहेरच थांब जरा."

तो बाहेर थांबला. खिडकीतून ऐकू येत होतं.

"मामा, वेळ दार उघडल्यापासून का मोजतात? पाणी शेतात पोचल्यापासून का नाही?"

"वा! काय प्रश्न विचारलास!" पाटकरी म्हणाला. "आजवर कुणी असा नेमका विचारलाच नाही बघ."

उन्हात उभा असलेल्या थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टाचेच्या भेगेत वाळू गेली होती. एक पाय दुसऱ्यावर घासत तो उभा राहिला. परत येताना धाकटी नियमाच्या नकलेचा कागद नाचवत होती. "दादा, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक आहे. चेअरमनसाहेब मला बोलायला दहा मिनिटं देणार!"

"चांगलंय."

"तू येशील ना?"

"पाय धुऊन येईन."

तिला कळलं नाही. ती हसली.

संध्याकाळी बापानं सगळं ऐकून घेतलं आणि बाजेवर ताल धरल्यासारखं थोपटलं. "चला, घरात कुणाला तरी डोकं आहे म्हणायचं. एवढी वर्षं पाणी चाललंय, पण कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

आईनं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं ताटाकडे पाहिलं. भाकरी तशीच टाकून तो उठला तेव्हा बाप म्हणाला, "आता याला काय झालं?"

बैठकीच्या तीन दिवस आधी आणखी एक पाळी होती. तिसरी मोजणी झाली तर बरं, असं बाईंनी सांगितलं होतं. दोन आकडे योगायोगही असू शकतात. पण त्याच दिवशी धाकटीची गणिताची परीक्षा. सकाळी वेणी घालता घालता ती थोरल्याला म्हणाली, "दादा, आज तू मोजशील ना? आई वरच्या दारापाशी थांबेल, दार कधी उचललं ते फोन करून सांगेल. तू फक्त पोचल्याची वेळ लिही. चौकट आखून दिली आहे. आणि हे बघ, नुसते आकडेच लिही हं. तुझं अक्षर बाईंना लागत नाही."

वाईट मनानं नव्हती बोलली. पण सुरी काय, मनानं थोडीच कापते.

आठवीपर्यंत वर्गाच्या फळ्यावरचा सुविचार लिहायला गुरुजी थोरल्यालाच उठवायचे. सात वर्षं खोरं धरून बोटं जाड झाली, अक्षर मोडलं. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

तो शेताच्या तोंडाशी बसला. फोन वाजला, आई म्हणाली, "अकराला पाच कमी. उचललं दार." मक्याची पानं सुरळी होऊन उभी होती. तो बसून राहिला. साडेअकरा झाले. बारा झाले. सव्वाबारा वाजून गेले तेव्हा चारीच्या वळणावर पाला-काटक्या ढकलत पाण्याचं तोंड दिसलं. ते आलं, त्याच्या अंगठ्याला लागलं. त्यानं घड्याळ नीट बघितलं: बारा वाजून अठरा. एक तास तेवीस मिनिटं.

त्यानं दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली आणि चौकटीत लिहिलं: वीस मिनिटं.

का लिहिलं? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये, हे त्यालाही कळत होतं. मका त्याचा, सऱ्या त्याच्या. पण त्या घटकेला त्याला एवढंच हवं होतं की तिनं एकदा तरी ठेचकाळावं. वही घेऊन आपल्याकडे यावं आणि म्हणावं, दादा, मला हे कळत नाही, तू सांग.

ती आली. संध्याकाळी वही घेऊन आलीच.

"दादा, वीसच मिनिटं?"

इथं त्याला सांगता आलं असतं. देवानं दार उघडून दिलं होतं. पण तोंडातून निघालं, "मग मी काय डोळे मिटून बसलो होतो?"

"नाही रे, तसं नाही." ती ओशाळली. "तू पाण्यात चुकणार नाहीस. पण मग असं कसं झालं? चारी साफ होती म्हणून? वरच्या कुणी आधी पाणी सोडलं होतं?"

"मला काय माहीत. अक्षरसुद्धा धड येत नाही मला."

तिनं आधीच्या दोन आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाई म्हणतात, आपल्याला नको असलेला आकडा आला तरी खोडायचा नाही. लिहायचाच." आणि तिनं तो शाईनं गिरवला.

बैठक शाळेच्याच मोठ्या खोलीत होती, भर दुपारी. चाळीसेक माणसं. वरच्या शेतांची सगळी, कारण नियम बदलला तर त्यांच्या प्रत्येकाच्या पाळीतून तीन-चार मिनिटं कमी होणार होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. थोरला पाय धुऊन आला होता आणि मागे उभा होता.

धाकटी उभी राहिली. वही उघडून टेबलावर ठेवली. नियम कधीचा, कुणी केला, तेव्हा चारीवर नऊच शेतं होती आणि आता सत्तावीस आहेत, सगळं तिनं सांगितलं. "शेवटच्या शेताला पाणी पोचायला जो वेळ लागतो तो पाळीत धरू नये. घड्याळ पाणी पोचल्यावर सुरू करावं. एवढीच मागणी आहे."

मधल्या शेतातला वांगीवाला उठला. "आणि दार पडल्यावर चारीत उरलेलं पाणी कुणाला मिळतं? यांनाच ना?"

"ते तुमच्या वांग्यात जातं, काका," धाकटी म्हणाली. "दोन वाजून पाच मिनिटांनी तुम्ही बांध फोडता. मी पाहिलंय."

सगळी खोली हसली. वांगीवाला खाली बसला. थोरल्याच्या छातीत काहीतरी हललं. ते कौतुक होतं की जळजळ, त्याला सांगता आलं नसतं.

चेअरमननं वही मागून घेतली. चष्मा लावला. "एक तास सतरा. एक तास बावीस. आणि हे काय? वीस मिनिटं?" त्यानं वही वर धरली. "बाळ, परवा वीस मिनिटांत पोचलं पाणी?"

"हो."

"म्हणजे पोचू शकतं! मंडळी, प्रश्न सुटला. चारी साफ ठेवली, उंदरा-खेकड्यांची बिळं बुजवली की वीस मिनिटांत पोचतं. नियमाचा दोष नाही, आळसाचा आहे." त्यानं चष्मा काढला. "शेवटच्या शेतात कोण बघतो? तो मागे उभाय तो?"

माना वळल्या. हशा पिकला. पाटकरी म्हणाला, "घड्याळाला विचार म्हणावं त्याला!"

"पण हे मोजलं कुणी?" चेअरमननं विचारलं. "खरं सांग. कुणी दुसऱ्यानं ठोकून दिलं असेल तर तसं सांग, आम्ही तिसरा आकडा सोडून देऊ."

धाकटीनं मागे पाहिलं नाही. तिला कळलं होतं. त्याच क्षणी सगळं कळलं होतं, वीस मिनिटं कुठून आली ते. दादाचं नाव घेतलं असतं तर ती सुटली असती, आणि चाळीस माणसांसमोर तो आणखी एकदा उघडा पडला असता.

"मी," ती म्हणाली. "मीच मोजलं."

खिडकीशी बसलेल्या बाईंनी मान वर केली. मोजणीच्या त्या दिवशी धाकटी गणिताच्या पेपरला पुढच्याच बाकावर होती.

"तो आकडा खोटा आहे."

थोरला कधी पुढे आला ते त्यालाच कळलं नाही. दोन बाकांच्या मधून तो येत होता आणि माणसं पाय बाजूला घेत होती. "खोटा आहे. मी लिहिला. एक तास तेवीस मिनिटं लागली होती. तिचा काही संबंध नाही."

"खोटा का लिहिलास?"

सगळी खोली वाट बघत होती. काय सांगणार? खुर्ची झाडली म्हणून? पाय बाहेर ठेवायला लावले म्हणून?

"जळलो," तो म्हणाला. "बहिणीवर जळलो. झालं?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, "हं." बाकी प्रत्येकाला आपापल्या घरातलं काहीतरी आठवलं असावं.

पण चेअरमन मुरलेला होता. "म्हणजे आता वहीतला एकही आकडा धरता येत नाही. एक खोटा, तर बाकीचे खरे कशावरून?"

"कशावरूनच नका धरू," थोरला म्हणाला. "चारी तीन दिवस बंद आहे. आत्ता दार उचला. तुम्ही सगळे पाण्याबरोबर चाला. तुमचंच घड्याळ धरा. वीस मिनिटांत पोचलं तर आमची पाळीच काढून घ्या, मी सही देतो."

"उन्हात?" कुणीतरी म्हणालं.

"आम्ही रोज उन्हातच असतो," धाकटी म्हणाली.

आता ना म्हणणं अवघड होतं. चाळीस माणसं कालव्यावर गेली. पाटकऱ्यानं दार उचललं, तीन वाजून दहा मिनिटं. पाणी चारीत उतरलं आणि पहिल्या शंभर पावलांत धावलं. मग त्याची गती मोडली. फुटलेल्या मातीच्या भेगांत ते बुडबुडे काढत शिरायचं, थांबायचं, भेग भरली की हातभर पुढे सरकायचं. माणसं बाजूनं बैलामागं चालावं तशी चालत होती. चेअरमनचे बूट मातीनं भरले. नवव्या शेतापाशी त्यानं रुमाल डोक्यावर घेतला. पंधराव्या शेतापाशी वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती आणि कुणीच तसं बोललं नाही. वांगीवाल्यानं आपल्या शेतापाशी एक बीळ बघितलं, वाकून मातीचा गोळा दाबला. गोळा वाहून गेला. थोरल्यानं उतरून दुसरा दाबला, तो राहिला.

पाणी मक्याच्या तोंडाशी पोचलं तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बाप बाजेवर कोपरावर उठून बघत होता, आई दारात.

"एक तास पंचवीस," पाटकरी हळू म्हणाला. घड्याळ त्याचंच होतं.

चेअरमननं बूट काढून माती झटकली. "लिहा," तो म्हणाला. "पुढच्या पाळीपासून घड्याळ पाणी पोचल्यावर." वरच्या शेतांची काही माणसं कुरकुरली, पण पाय दुखत असताना कुरकूरही लांबत नाही.

माणसं पांगली. बाई मागे थांबल्या. धाकटीच्या हातातली वही त्यांनी घेतली, चाळली, परत दिली.

"ही वही मोठ्या गावाला जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, चूक माझी होती," थोरला म्हणाला. "मी सगळ्यांसमोर सांगितलं."

"तुमची तुम्ही सांगितलीत. हिची हिनं नाही सांगितली. मोजायला न जाता 'मी मोजलं' म्हणाली. दुसऱ्या मुलांनी विचारलं तर मी त्यांना काय सांगू?"

"बरोबर आहे, बाई," धाकटी म्हणाली. तिचे डोळे कोरडेच होते.

रस्त्यावरच्या खड्ड्यांची वही गेली. ती लिहिणारा मुलगा गेला, अधिकाऱ्यांसमोर बोलून आला, त्याचा फोटो शाळेत लागला.

सहा दिवस धाकटी भावाशी बोलली नाही. वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. सातव्या दिवशी पाळी आली. सोळाच्या सोळा सऱ्या भिजल्या. ती शाळेतून येताना बांधावर थांबली. थोरला खोऱ्यानं शेवटच्या सरीचं तोंड बंद करत होता.

"त्या खोलीत 'मी' का म्हणालीस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

ती म्हणाली, "वहीच हवी होती तर मागायची होतीस ना, दादा. मी दिली असती."

त्यानं खोरं टाकलं आणि तिथंच ओल्यात बसला. हवं ते मागितलं असतं तर मिळालं असतं, यासारखं दुःख दुसरं नाही.

मक्यात त्या साली दाणा चांगला भरला. चारीवर आता सगळीकडे तोच नियम आहे, आणि लोक त्याला चेअरमनसाहेबांचा नियम म्हणतात. म्हणू देत. तुमची पाळी आली, आणि पाणी पायाला लागल्यावर तुमचं घड्याळ सुरू झालं, तर बाबांनो, क्षणभर त्या मुलीची आठवण काढा. फोटो नाही तिचा कुठं, आणि वहीही घरातच राहिली. भावाच्या खोट्याला ती एकदा "माझं" म्हणाली होती, एवढं तिच्यासाठी ध्यानात ठेवा.